ग्रँड स्लॅमच्या मधलं टेनिस: पहिल्याच हंगामात गोंधळ होऊ नये म्हणून

विम्बल्डन संपलं की टेनिस गायब होतं आणि थेट ऑगस्टअखेर न्यूयॉर्कमध्ये उगवतं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात चारही ग्रँड स्लॅम मिळून होतात जेमतेम आठ-नऊ आठवडे. उरलेल्या वर्षात जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंत जवळजवळ दर आठवड्याला कुठे ना कुठे व्यावसायिक स्पर्धा चालू असते, बहुतेकदा एकाच वेळी दोन-तीन. नव्या प्रेक्षकाची पंचाईत इथेच होते. कोणती स्पर्धा मोठी, कोणती छोटी, सामना नेमका किती वाजता, आणि काल जिंकलेला खेळाडू आज क्रमवारीत खाली कसा घसरला, काहीच कळत नाही.

मधलं टेनिस पाहायचं तर करंडकापेक्षा क्रमवारीच्या गुणांवर आणि ड्रॉवर (कोण कुणाशी खेळणार याच्या तक्त्यावर) नजर ठेवावी लागते. ते एकदा जमलं की मंगळवारी दुपारची पहिल्या फेरीची लढतही रंगते.

जवळ काय हवं

- एटीपी (पुरुषांची टूर) आणि डब्ल्यूटीए (महिलांची टूर) यांचं अधिकृत स्कोअर ॲप. फुकट आहे.
- लाइव्ह क्रमवारी दाखवणारं एखादं संकेतस्थळ. लाइव्ह-टेनिस डॉट ईयू बरीच वर्षं चालू आहे आणि पुरेसं आहे.
- स्पर्धेच्या ड्रॉची पीडीएफ. ॲपमधला ड्रॉ तुकड्यातुकड्यानं दिसतो, पीडीएफमध्ये सगळा एका पानावर येतो.
- फोनच्या घड्याळात जोडलेली त्या त्या शहराची वेळ.
- प्रक्षेपणाचं एखादं सदस्यत्व. पण हे सगळ्यात शेवटी घ्या; कारण सातव्या मुद्द्यात.

## १. आधी स्पर्धांचे दर्जे लक्षात घ्या

पुरुषांच्या एटीपी टूरवर ग्रँड स्लॅमखाली तीन दर्जे आहेत: १०००, ५०० आणि २५०. आकडा म्हणजे विजेत्याला मिळणारे गुण. ग्रँड स्लॅम विजेत्याला २००० मिळतात. महिलांच्या डब्ल्यूटीए टूरवरही हीच उतरंड आहे, त्याखाली १२५ दर्जाच्या स्पर्धा. पुरुषांमध्ये २५० च्या खाली चॅलेंजर येतात (५०, ७५, १००, १२५ आणि १७५ गुणांच्या) आणि सगळ्यात खाली आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, स्पर्धा.

१००० दर्जाच्या स्पर्धा सध्या पुरुषांच्या नऊ आणि महिलांच्या दहा आहेत. इंडियन वेल्स, मायामी, माद्रिद, रोम, कॅनडा आणि सिनसिनाटी दोघांच्याही. माँटे कार्लो, शांघाय आणि पॅरिस (फ्रेंच ओपन नव्हे, ऑक्टोबरअखेरची) फक्त पुरुषांच्या. दोहा, दुबई, बीजिंग आणि वुहान या दर्जावर फक्त महिलांच्या. दोहा, दुबई आणि बीजिंगमध्ये पुरुषही खेळतात, पण त्यांच्यासाठी त्या ५०० च्या स्पर्धा आहेत. ‘दुबई मोठी की छोटी’ या वादाचं मूळ हेच.

## २. वर्षाचे तुकडे पाडा आणि एकच निवडा

अकरा महिने सगळं पाहायला निघालात तर तीन आठवड्यांत कंटाळाल. हंगाम आपोआपच कोर्टच्या पृष्ठभागानुसार तुकड्यांत विभागलेला आहे. त्यातला एक घ्या.

फेब्रुवारी विस्कळीत असतो. एकीकडे रॉटरडॅमला इनडोअर हार्ड कोर्ट, दुसरीकडे ब्युनोस आयर्स आणि रिओत लाल माती, तिसरीकडे दोहा-दुबई. नवख्यानं इथून सुरुवात करू नये. मार्चमध्ये इंडियन वेल्स आणि मायामी या दोन दीर्घ हार्ड कोर्ट स्पर्धा लागोपाठ येतात.

एप्रिल-मे हा लाल मातीचा काळ आणि भारतातून पाहणाऱ्यासाठी सगळ्यात सोयीचा. माँटे कार्लो, बार्सिलोना, माद्रिद, रोम असा क्रम, शेवटी फ्रेंच ओपन. सामने आपल्या दुपारी सुरू होतात, जागरण फारसं नाही. शिवाय एकाच मातीवर किती वेगळं टेनिस होतं तेही इथे दिसतं. माँटे कार्लोचं कोर्ट समुद्राला लागून आहे, तर माद्रिद साधारण ६५० मीटर उंचीवर. तिथल्या विरळ हवेत चेंडू जोरात सुटतो, त्यामुळे मोठी सर्व्हिस असलेले खेळाडू माद्रिदला खूश असतात आणि पुढच्याच आठवड्यात रोमला चाचपडतात. माद्रिदच्या निकालांवरून फ्रेंच ओपनचं भाकीत करणारे म्हणूनच दर वर्षी तोंडावर आपटतात.

जूनमध्ये फ्रेंच ओपन आणि विम्बल्डनच्या मधले तीन आठवडे हिरवळीचे: क्वीन्स, हाले, बर्लिन, ईस्टबोर्न. विम्बल्डननंतर काही जण पुन्हा मातीवर जातात (बोस्टाड, ग्श्टाड, किट्झब्युएल), बाकीचे वॉशिंग्टन, कॅनडा, सिनसिनाटीकडे वळतात. सप्टेंबरअखेर सगळा ताफा चीन-जपानला, ऑक्टोबरअखेर व्हिएन्ना, बासेल, पॅरिसच्या बंदिस्त कोर्टांवर.

पहिल्या हंगामासाठी एप्रिल-मे घ्या. सोबत क्रमवारीत ४० ते ८० च्या दरम्यानचा एखादा खेळाडू निवडा. पहिल्या दहातल्यांची बातमी तुमच्यापर्यंत आपोआप येते. साठाव्या क्रमांकावरचा माणूस कुठे, का आणि कशासाठी खेळतोय याचा माग काढताना सगळी यंत्रणा समजते.

## ३. घड्याळ लावा, आणि मार्चमध्ये ते पुन्हा तपासा

सर्वाधिक सामने हुकतात ते वेळेच्या घोळामुळे. दिवसाचं सत्र बहुतेक ठिकाणी स्थानिक ११ च्या आसपास सुरू होतं. भारतीय वेळेनुसार अंदाज असा:

- रोम, माद्रिद, माँटे कार्लो: सकाळचे ११ म्हणजे आपले दुपारी २.३०.
- मायामी, सिनसिनाटी: ११ म्हणजे रात्री ८.३०. तिथलं संध्याकाळी ७ चं सत्र आपल्याकडे पहाटे ४.३० ला.
- इंडियन वेल्स: ११ म्हणजे रात्री ११.३०. संध्याकाळी ६ चं सत्र आपल्याकडे सकाळी ६.३० ला, चहाबरोबर.
- शांघाय: दुपारचे १२.३० म्हणजे आपले सकाळचे १०.

आता यातला सापळा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, आणि हा रविवार इंडियन वेल्सच्या ऐन मध्यात येतो. पहिले काही दिवस ११ चा सामना आपल्याकडे मध्यरात्री १२.३० ला, त्या रविवारपासून ११.३० ला. ज्यांनी सुरुवातीला गजर लावून ठेवलेला असतो, त्यांचा अर्धा सामना तेव्हापासून रोज बुडतो. युरोपात हाच बदल मार्चच्या शेवटच्या रविवारी होतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी उलटतो. पॅरिसची स्पर्धा त्याच सुमारास असते, म्हणून तिथले ११ आपल्याकडे २.३० नव्हे, ३.३०.

दुसरी गल्लत तारखेची. कॅलिफोर्नियातलं शनिवार रात्रीचं सत्र भारतात रविवारी सकाळी असतं. कॅलेंडरमध्ये नोंद करताना तारीख भारताचीच टाका.

## ४. ड्रॉ वाचायला शिका

माँटे कार्लो आणि पॅरिस वगळता पुरुषांच्या बाकी सगळ्या १००० स्पर्धांचा मुख्य ड्रॉ ९६ खेळाडूंचा असतो आणि स्पर्धा १२ दिवस चालते. ३२ मानांकितांना (क्रमवारीनुसार वरचे क्रमांक दिलेल्यांना) पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते, म्हणजे ते न खेळताच दुसऱ्या फेरीत जातात. म्हणजे बुधवारी स्पर्धा सुरू झाली तरी मोठी नावं कोर्टवर उतरतात शुक्रवार-शनिवारी. ‘पहिल्या दिवशी कुणीच नव्हतं’ ही तक्रार त्यातूनच येते.

अव्वल मानांकित ड्रॉच्या अगदी वर, दुसरा अगदी खाली. ते अंतिम फेरीआधी भेटूच शकत नाहीत. तिसरा आणि चौथा कोणत्या अर्ध्या भागात जाणार हे सोडतीवर ठरतं, आणि उपांत्य फेरीच्या चर्चेचं पीक याच सोडतीवर निघतं.

नावापुढच्या खुणा अशा:

- क्यू: पात्रता फेरी जिंकून आलेला.
- डब्ल्यूसी: वाइल्ड कार्ड, आयोजकांनी दिलेला प्रवेश.
- एलएल: लकी लूझर. पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरला, पण मुख्य ड्रॉमधल्या कुणी ऐन वेळी माघार घेतल्यानं आत आला.
- पीआर: संरक्षित क्रमवारी. दीर्घ दुखापतीनंतर परतणाऱ्याला जुन्या क्रमांकावर प्रवेश मिळतो, मानांकन मात्र मिळत नाही.
- एसई: आधीच्या आठवड्यात दुसरीकडे शेवटपर्यंत खेळत राहिल्यानं पात्रता फेरी गाठू न शकलेला.

ड्रॉ जाहीर झाल्यावर तो बदलतो, हे विसरू नका. मधल्या स्पर्धांत माघारी फार. शुक्रवारी उतरवलेली पीडीएफ सोमवारी शिळी झालेली असते. पहिली फेरी सुरू होताना नवी घ्या.

पात्रता फेरी दुर्लक्षित ठेवू नका. २०२५ मध्ये शांघायच्या १००० स्पर्धेत मोनॅकोचा व्हॅलेंटिन व्हाशरो क्रमवारीत २०४ वा होता. पात्रता फेरीतही त्याला थेट जागा नव्हती, राखीव यादीतून तो आत आला. तिथून सगळे सामने जिंकत त्यानं करंडक उचलला, अंतिम सामन्यात स्वतःच्या मावसभावाला, आर्थर रिंडरक्नेशला हरवून. पुढच्या सोमवारी तो चाळिसावा होता. मुख्य ड्रॉपासूनच पाहणाऱ्यांना हा माणूस कोण, हे कळायला चार-पाच दिवस लागले.

## ५. गुणांचा हिशेब: खरी मेख इथे आहे

क्रमवारी ५२ आठवड्यांच्या गुणांवर चालते. गेल्या वर्षी रोममध्ये मिळवलेले गुण या वर्षीच्या रोमनंतर गळतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. खेळाडू ‘गुण राखतोय’ असं म्हणतात ते याच अर्थानं.

पुरुषांच्या ९६ च्या ड्रॉमधलं गुणवाटप पाठ करण्यासारखं आहे: विजेता १०००, उपविजेता ६५०, उपांत्य ४००, उपांत्यपूर्व २००, चौथी फेरी १००, तिसरी ५०, दुसरी ३०, पहिली १०. महिलांचे आकडे थोडे वेगळे आहेत (उपांत्य फेरीला ३९०, उपांत्यपूर्वला २१५), म्हणून एकाचा तक्ता दुसऱ्याला लावू नका.

एक उदाहरण. समजा तुमचा खेळाडू ९०० गुणांवर आहे. गेल्या वर्षी रोमला त्यानं उपांत्यपूर्व फेरी गाठली होती, म्हणजे २०० गुण. या वर्षी दोन सामने जिंकून तो तिसऱ्या फेरीत हरला, ५० गुण. दोन विजय मिळवूनही तो सोमवारी ७५० वर येईल आणि क्रमवारीत घसरेल. याउलट गेल्या वर्षी दुखापतीनं रोमला नसलेला खेळाडू एकच सामना जिंकला तरी त्याचे सगळे गुण निव्वळ नफा. ‘जिंकून खाली, हरून वर’ हे कोडं एवढ्यावर सुटतं.

पुढे चाल मिळालेला मानांकित स्वतःचा पहिलाच सामना हरला, तर त्याला दुसऱ्या फेरीचे नव्हे, पहिल्या फेरीचेच १० गुण मिळतात. २५ वं ते ३२ वं मानांकन असलेल्यांचा इथे नेहमी घात होतो.

लाइव्ह क्रमवारी आणि अधिकृत क्रमवारी यांतही फरक आहे. लाइव्हमध्ये जुने गुण आधीच वजा केलेले असतात, म्हणून स्पर्धेच्या सुरुवातीला गतविजेता एकदम कोसळलेला दिसतो. घाबरू नका. अधिकृत यादी सोमवारी येते, आणि १२ दिवसांच्या स्पर्धेत मधल्या सोमवारी ती बदलत नाही.

वर्षाच्या उत्तरार्धात ‘रेस’ नावाचा दुसरा तक्ता महत्त्वाचा ठरतो. तो जानेवारीत शून्यापासून सुरू होतो आणि त्यावर वर्षअखेरच्या आठ जणांच्या स्पर्धेचा प्रवेश ठरतो. ऑक्टोबरमध्ये थकलेला खेळाडू अचानक बासेल किंवा व्हिएन्नाला का धावला, याचं उत्तर बहुधा रेसमध्ये सापडतं.

शंभराव्या क्रमांकाच्या आसपास आणखी एक शर्यत चालू असते. ग्रँड स्लॅमच्या १२८ च्या एकेरी ड्रॉमध्ये १०४ जणांना क्रमवारीवर थेट प्रवेश मिळतो आणि ती यादी स्पर्धेच्या सहा आठवडे आधीच्या क्रमवारीवर ठरते. त्यामुळे त्या तारखेआधीचे चॅलेंजर चुरशीचे होतात. सुमित नागलनं फेब्रुवारी २०२४ मध्ये चेन्नईचं चॅलेंजर जिंकलं आणि तो ९८ व्या क्रमांकावर पोहोचला. पहिल्या शंभरात आल्याचा खरा फायदा पात्रता फेरी टळण्यात असतो.

## ६. रोजचा कार्यक्रम वाचा

‘ऑर्डर ऑफ प्ले’ आदल्या दिवशी संध्याकाळी लागते, तीही स्थानिक वेळेत. ठरलेली वेळ प्रत्येक कोर्टावरच्या फक्त पहिल्या सामन्याला असते. पुढचे सामने ‘त्यानंतर’ या तत्त्वावर. काहींना ‘अमुक वेळेआधी नाही’ अशी अट असते. त्याचा अर्थ त्या वेळेला सुरू होईल असा नाही, तिच्याआधी होणार नाही एवढाच.

तीन सेटच्या सामन्याला मोजा दोन तास. रोममध्ये एखाद्या कोर्टावरचा तिसरा सामना हवा असेल तर २.३० अधिक चार तास, म्हणजे साडेसहाच्या आसपास. पण सहापासूनच ॲपवर लक्ष ठेवा. आधीचा एखादा सामना पन्नास मिनिटांत आटोपतो किंवा दुखापतीनं थांबतो, आणि तुमचा खेळाडू पहिला सेट खेळून मोकळा झालेला असतो. पाऊस आला तर छत नसलेल्या कोर्टांवरचे सामने ऐन वेळी दुसऱ्या कोर्टावर हलवतात.

## ७. कुठे पाहायचं

भारतातले प्रक्षेपणाचे हक्क दर काही वर्षांनी हात बदलतात आणि पुरुष-महिलांचे हक्क वेगवेगळे विकले जातात. म्हणून वर्षभराचं सदस्यत्व घाईनं घेऊ नका. तुमचा निवडलेला तुकडा सुरू होण्याच्या आठवड्यात त्या स्पर्धेच्या संकेतस्थळावर प्रक्षेपणाची यादी बघा आणि महिन्याचंच घ्या.

टेनिस टीव्ही ही एटीपीची स्वतःची सेवा. तिच्यावर ग्रँड स्लॅम नाहीत आणि महिलांचे सामने नाहीत. हे न वाचता पैसे भरून मग संतापणारे दर जूनमध्ये भेटतात. चॅलेंजरचे सामने एटीपीच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. कॅमेरा बहुधा एकच आणि समालोचन मिळेलच असं नाही, पण बघायला मजा येते.

‘फुकट थेट प्रक्षेपण’ म्हणून फिरणाऱ्या दुव्यांपासून लांब राहा. त्यातले अर्धे सट्ट्याच्या जाहिराती असतात, उरलेले फोनमध्ये काहीतरी घुसवतात.

## ८. निकाल वाचताना होणारे घोळ

निकालापुढे ‘रिटायर्ड’ असेल तर सामना सुरू होऊन अर्धवट सुटला. ‘वॉकओव्हर’ असेल तर तो झालाच नाही. २०२५ च्या सिनसिनाटीच्या अंतिम सामन्यात सिनर पहिल्या सेटमध्ये ०-५ असताना आजारपणामुळे थांबला आणि अल्काराझ विजेता ठरला. तो सामना होता सोमवारी. त्याआधी कॅनडाचा अंतिम सामना गुरुवारी. रविवारी अंतिम सामना हा नियम धरून बसू नका; ग्रँड स्लॅमच्या लगेच आधीच्या आठवड्यातल्या छोट्या स्पर्धाही बहुधा शनिवारीच उरकतात.

टूरवर पुरुषांचे सामनेही तीनच सेटचे, आणि तिसऱ्या सेटमध्ये ६-६ झाल्यावर सात गुणांचा टायब्रेक (सेटचा निकाल लावणारा शेवटचा गेम). दहाचा फक्त ग्रँड स्लॅममध्ये. दुहेरीचं गणित आणखी निराळं. तिथे ४०-४० झालं की पुढचा गुण निर्णायक, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. रोहन बोपण्णानं मॅथ्यू एब्डनसोबत इंडियन वेल्सचं दुहेरीचं विजेतेपद २०२३ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, याच पद्धतीत जिंकलं.

## ९. प्रत्यक्ष जाऊन बघायचं असेल तर

सुरुवात घराजवळून करा. पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात २०१८ पासून २०२३ पर्यंत (२०२१ सोडून) महाराष्ट्र ओपन ही एटीपी २५० होत असे. ती गेली, पण अलीकडच्या वर्षांत फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तिथे १०० दर्जाचं चॅलेंजर होतं. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमच्या आवारात सीसीआयच्या (क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या) कोर्टांवर महिलांची १२५ दर्जाची मुंबई ओपन होते. २०१७ मध्ये तिथे जिंकलेली आर्यना सबालेंका पुढे अव्वल क्रमांकावर गेली. अशा स्पर्धांत शेवटच्या फेऱ्यांपेक्षा पहिले तीन दिवस गाठा. बाहेरच्या कोर्टांवर खेळाडू हाताच्या अंतरावर असतात, चेंडूवरची फिरकी टीव्हीवर कधीच दिसत नाही अशी दिसते, आणि सरावाच्या कोर्टांभोवती गर्दी नसते. टोपी आणि पाणी न्या; दुपारचं ऊन थेट प्रेक्षकांवर येतं.

आखातातल्या मराठी मंडळींना दुबई सोपी. स्पर्धा विमानतळाजवळ गरहूदला असते, आधी महिलांचा आठवडा, मग पुरुषांचा. भारतातून जाणाऱ्यांनी तिकीट काढताना आठवडा कोणाचा ते दोनदा तपासा.

आणखी लांब जाणार असाल तर नावावरून हॉटेल बुक करू नका. सिनसिनाटीची स्पर्धा शहरापासून बरीच उत्तरेला मेसन गावात होते. मायामीची मायामी गार्डन्समधल्या फुटबॉल स्टेडियमच्या परिसरात. माँटे कार्लोचं कोर्ट तर मोनॅकोत नाहीच. ते हद्दीपलीकडे फ्रान्समधल्या रोकब्रुन-काप-मार्तँमध्ये आहे.

जवळ ठेवायची कागदपत्रं: पासपोर्ट, व्हिसा, फोनमधल्या तिकिटाचा आधीच काढलेला स्क्रीनशॉट आणि मूळ ॲपचं लॉगिन (काही ठिकाणी स्क्रीनशॉट चालत नाही), आणि स्पर्धेच्या संकेतस्थळावरची पिशवीच्या मापाची अट. तिकीट पहिल्या आठवड्याचं ग्राउंड पास घ्या. स्वस्त असतं आणि मुख्य स्टेडियम सोडून सगळीकडे फिरता येतं. मुख्य स्टेडियमची महागडी जागा शेवटच्या तीन दिवसांत घ्यावी. त्याआधी तुम्ही तिथे बसलेले आणि खरी लढत सहा नंबरच्या कोर्टावर, असं हमखास होतं.

आत गेल्यावर खेळाडू बाजू बदलतात तेव्हाच जागेवर जा-ये करा. पहिल्या गेमनंतर खेळाडू बसत नाहीत, तेव्हा दारावरचा स्वयंसेवक तुम्हाला थांबवेल. हुज्जत घालू नका. आणि सामना चालू असताना प्रत्येक गुण फोनवर टाइप करत बसू नका. कोर्टावरून सट्टेबाजांना गुण कळवणाऱ्यांवर आयोजकांची बारीक नजर असते, आणि संशयावरूनही बाहेर काढलं जातं.